राजाछाप डॉलर

कॅनडात एकदाही पाऊल न ठेवता कॅनडावर इतकं प्रेम केलेला दुसरा माणूस या पृथ्वीवर नसेल. 'या पृथ्वीवर' हे शब्द मी विचार करून लिहितो आहे. दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी चौदा वर्षं बसलो, आणि बातमीदारांच्या मजकुरातून 'एकमेव', 'पहिलाच', 'सर्वात मोठा' असले शब्द खोडण्याचाच मला पगार मिळायचा. आमच्या साडूंच्या बाबतीत मात्र माझं लाल पेन चालत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुबईच्या करामा वस्तीतल्या एका तीन मजली इमारतीत, खाली लाँड्री आणि वर पाण्याच्या टाक्या अशा बेतात, ते बायको आणि मुलीसह दोन खोल्यांत राहायचे. त्या दोन खोल्यांत बाहेर तापमान पंचेचाळीस अंश असताना आतल्या एका लाकडी कपाटात सदैव बर्फाळ नदी वाहत होती आणि तिच्यातून एक होडी चालली होती. ही होडी कॅनडाच्या जुन्या चांदीच्या डॉलरवर असते. होडीत दोन माणसं, मागे बेटावर दोन झाडं, आकाशात उभ्या बारीक रेघा. त्या रेघा म्हणजे उत्तरेकडच्या आकाशात दिसणारा प्रकाश, ही माहिती मला पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा माझ्या हातात चहा होता. संपली तेव्हा तो साय धरून थिजला होता.

शारजापलीकडे हमरियात पाइप बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. सोप्या मराठीत सांगायचं तर दिवसभर पाइप नापास करायचे. खिशात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी-रुंदी केसाइतकी बारीक मोजायचं ते सरकतं माप, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. ही दोन्ही हत्यारं कारखान्याच्या दारात उतरवून ठेवायची असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेव्हणीच्या चकल्या त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मोजल्या आणि 'बाहेरचा व्यास एकसारखा नाही' असा शेरा दिला. त्यानंतर कित्येक वर्षं त्या घरात चकल्या झाल्या नाहीत. करामातल्या एका केरळी हॉटेलात बिल दिल्यावर सुटे पैसे आले की ते गल्ल्यासमोरच उभे राहून एकेक दिरहम भिंगाखाली धरत. एकदा मागे पाच माणसं खोळंबलेली. गल्ल्यावरचा माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "साब, असली है. गव्हर्मेंट का है."

"असली है, मालूम है," साडू मान वर न करता म्हणाले. "गलती है क्या, वो देख रहा हूँ."

रांगेच्या शेवटून कुणीतरी "यल्ला हबीबी, खलास!" म्हणजे 'चल बाबा, आटप!' असं ओरडलं तेव्हा त्यांनी उरलेले तीन दिरहम न तपासता खिशात टाकले. घरी येईपर्यंत त्यांना चैन नव्हती.

'गलती है क्या' या तीन शब्दांत त्यांचं सगळं चरित्र आहे. कारखान्यातला एक कॅनेडियन सुपरवायझर नोकरी सोडून जाताना त्यांना एक डॉलर आठवण म्हणून देऊन गेला. साडूंनी सवयीने तो मोजला, वजन केलं, पास केला. मग त्याच सुपरवायझरने पाठवलेल्या एका कॅटलॉगात त्यांनी वाचलं की १९५० सालच्या काही डॉलरवर होडीच्या टोकाजवळ पाण्याच्या तीन रेघा असायला हव्यात तिथे दीडच आहे. साचा जास्त घासला गेला होता. अशा नाण्याला जाणकार 'आर्नप्रायर' म्हणतात आणि साध्या नाण्यापेक्षा कितीतरी जास्त मोल देतात. हे वाचून साडू दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "अहो पेपरवाले, मी वीस वर्षं जो माल रिजेक्ट करतोय, तो तिकडे मखमलीत ठेवतात." त्या दिवसापासून त्यांचं आयुष्य दोन पाळ्यांत विभागलं गेलं. दिवसपाळीत चुकलेला माल भंगारात टाकायचा, संध्याकाळी चुकलेला माल शोधत हिंडायचं. १९४७ चा डॉलर घेतला तर त्यातला सात टोकदार की बोथट. १९६५ चा घेतला तर काठावरचे मणी लहान की मोठे. १९५२ चा घेतला तर पाणी आहे की मुळातच नाही. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की एकदा मी आमच्या पेपरच्या अर्थविषयक पानावर एका मथळ्यातला सात बोथट दिसतो म्हणून तक्रार केली.

नाणी मिळायची कुठून? अमिरातीत तेव्हा तेलविहिरींवरचे, विमानकंपन्यांतले कॅनेडियन बरेच होते आणि देश सोडताना ते घरातलं सामान विकत. फ्रीज, सोफा, मुलांची सायकल. साडू तिथे पोचत आणि फ्रीजकडे ढुंकूनही न बघता विचारत, "एनी ओल्ड डॉलर, सर? विथ बोट?" बहुतेकांना वाटायचं हा माणूस बोट विकत घ्यायला आलाय. एकाने खरोखर गॅरेजमधली रबरी होडी दाखवली. दहा-बारा वर्षांत असे, शिवाय टपालाने, मनी एक्स्चेंजवाल्यांकडून, माझ्या ऑफिसच्या फॅक्सवर चोरून याद्या मागवून, त्यांनी एकोणचाळीस डॉलर जमवले. त्यांच्यासाठी कारखान्यातल्या सुताराकडून सपाट खणांचं कपाट करून घेतलं. प्रत्येक खणात हिरवी बनात, बनातीत गोल खळगे, प्रत्येक खळग्यात एक डॉलर आणि खाली साल.

नाणं बघायला मिळणं हा मान होता आणि परीक्षाही. पाहुण्याने आधी हात धुवायचे, पुसायचे, मग नाणं फक्त कडेने धरायचं. बोलायचं नाही, कारण बोलताना थुंकीचे कण उडतात. पाण्याच्या रेघा मनात मोजायच्या आणि नाणं परत दिल्यावर आकडा सांगायचा. बरोबर आला तर चहाबरोबर बिस्किटं यायची. अबू धाबीहून आलेल्या मेव्हणीच्या एका चुलतभावाने 'चार' सांगितलं. पुढे त्याचा विषय निघाला की साडू म्हणत, "हां, तो. चार रेघावाला." नाणं पुसायचं मात्र कुणीही नाही. चांदीवर वर्षानुवर्षांनी जी काळी-निळी झाक चढते तीच तिची खरी कातडी, ती घासली की नाणं संपलं, जाणकार हातात धरत नाहीत, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना, लाँड्रीवाल्याला, मुलीच्या वर्गशिक्षिकेलाही बजावलं होतं. मुलगी तेव्हा आठवीत. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची, "बाबा, रिलॅक्स. इट्स जस्ट अ बोट."

त्या वर्षांत करामातलं निम्मं मराठी मंडळ कॅनडाचे इमिग्रेशनचे फॉर्म भरत होतं आणि साडूंची ख्याती कॅनडातज्ज्ञ म्हणून पसरली होती. लोक सल्ल्याला येत. आमच्यासमोर एक तरुण इंजिनीअर विचारायला आला, "काका, व्हँकूव्हर साइडला स्कोप कसा आहे?"

"त्या बाजूचा अठ्ठावन्न सालचा डॉलर आहे," साडू म्हणाले. "त्यावर लाकडी कोरीव खांब आहे. खांबावर कावळा. तिथले मूळ लोक तो कावळा मृत्यूचं चिन्ह मानतात म्हणे. मी तुझ्या जागी असतो तर त्या बाजूला गेलो नसतो."

तो मुलगा टोरोंटोला गेला. त्याच्या निर्णयात कावळ्याचा वाटा किती हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

स्वतः साडूंनी फॉर्म भरला नाही. मेव्हणीने दोनदा आणून ठेवला. "ज्या देशाची नाणी गोळा करता, तिथे जाऊ तरी," ती म्हणायची. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "तिथे गेल्यावर ती नाणी राहणार नाहीत गं. सुटे पैसे होतील."

एकोणचाळीस खळगे भरलेले होते आणि चाळिसावा रिकामा. त्याखाली लिहिलं होतं १९४८. हा डॉलर दुर्मीळ का, हे साडू दर पंधरा ऑगस्टला मंडळाच्या कार्यक्रमात सांगायचे. पाच मिनिटं मागून घेत आणि बटाटेवडे थंड होईपर्यंत बोलत. कॅनडाच्या नाण्यावर राजाचं तोंड असे आणि भोवती लॅटिनमध्ये 'हिंदुस्थानचा सम्राट' अशी अक्षरं. आपण स्वतंत्र झालो आणि ती अक्षरं खोटी ठरली. नवे साचे विलायतेहून यायला उशीर लागला, तोवर अठ्ठेचाळीस साल उजाडून बरंच सरलं होतं. मग त्या सालाचे डॉलर निघाले ते थोडेच. "म्हणजे बघा," साडूंचा आवाज इथे चढायचा, "कॅनडाचं सगळ्यात दुर्मीळ नाणं दुर्मीळ कुणी केलं? आपण!" टाळ्या पडत. त्या वड्यांसाठी होत्या असं माझी बायको म्हणते.

तर २००० सालच्या दिवाळीच्या आधी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पहिली म्हणजे आमच्या सासूबाई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या. आल्या त्या कोकम, रांगोळी, पंचांग आणि स्वतःची विळी घेऊन. दुसरी म्हणजे साडूंना १९४८ चा डॉलर सापडला.

सापडला म्हणजे एका सूटवाल्या गृहस्थाने दाखवला. बर दुबईतल्या एका हॉटेलच्या कॉफीशॉपमध्ये साडूंनी मलाही नेलं होतं. गृहस्थ फार गोड बोलत होते. कुणा परतलेल्या तेल-इंजिनीअरने जाताना त्यांना दिलेलं नाणं, त्यांना स्वतःला छंद नाही, पैसे नकोत. त्यांना हवी होती अदलाबदल. हा एक डॉलर घ्या आणि तुमच्याकडचे सगळे द्या. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. हवं तर नाणं आठवडाभर घरी ठेवा, बघा, तपासा, पुढच्या शुक्रवारी इथेच भेटू. साडूंनी विचार करायला वेळ मागितला आणि टॅक्सीत बसेपर्यंत विचार संपला होता.

घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मेव्हणीला ती नाणी कधीच आवडली नव्हती, पण आता तिलाच रडू येत होतं. "बारा वर्षं," ती मला म्हणाली, "आम्ही कधी सिंगापूरला गेलो नाही, कधी सोफा बदलला नाही. एकेक नाणं घरात आलं तेव्हा यांचा चेहरा कसा होता ते मला आठवतं. एकोणचाळीस चेहरे आहेत भाऊजी ते. आणि हे सगळे त्या एका नाण्यासाठी देऊन येणार?" मी साडूंशी बोललो. ते ऐकत होते, पण नजर चाळिसाव्या खळग्यावर होती. त्यात आता १९४८ बसला होता. "वजन केलंत?" मी विचारलं. "तेवीस पूर्णांक तीन ग्रॅम. बरोब्बर." "व्यास?" "छत्तीस मिलिमीटर." मग ते घाईघाईने म्हणाले, "सगळं विदिन टॉलरन्स आहे हो, पेपरवाले." टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेता येण्याजोगी चूक. हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

लक्ष्मीपूजन गुरुवारी होतं आणि अदलाबदल दुसऱ्या दिवशी. अमिरातीत दिवाळीची सुटी नसते. साडू सकाळी कारखान्यात गेले. आम्हाला संध्याकाळी पूजेला बोलावलं होतं, मी रात्रपाळी बदलून घेतली होती. साडेपाचला दार उघडलं ते मेव्हणीने. तिचा चेहरा पाहून मला वाटलं हमरियात काही अपघात झाला. तिने आत बोट दाखवलं.

चौरंगावर लाल कापड, त्यावर तांदळाची रास, लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी. आणि तबकात, अर्धवर्तुळात मांडलेले, अकरा डॉलर. आरशासारखे. टूथपेस्टच्या जाहिरातीत दात चमकतात तसे ते चमकत होते, आणि ते योग्यच होतं, कारण ते टूथ पावडरने घासले होते. आधी लिंबाची फोड, मग टूथ पावडर, मग जुन्या मलमलीचं फडकं. १९३५ ते १९५२. १९५० चा दीड रेघांचा आर्नप्रायरही त्यांतच.

सासूबाई पाटावर बसून वाती वळत होत्या. प्रसन्न होत्या. "या," त्या म्हणाल्या. "बघितलंत? आमच्याकडे पूजेला राजाछाप रुपये असतात, चांदीचे. मी घाईत विसरून आले. म्हटलं इथे परमुलखात काय ठेवायचं लक्ष्मीपुढे? तर जावयांच्या कपाटात हाच राजा! अगदी आपल्या रुपयावरचा. किती काळे पडलेले हो. त्यांना बिचाऱ्यांना वेळ कुठे असतो? राणीछापही होते बरेच, ते नाही घेतले. राजाचेच काढले."

कपाटाची किल्ली गणपतीच्या तसबिरीमागे असायची. कोकणातल्या बाईला ती शोधावी लागत नाही. आणि नाणी पुसायची नाहीत हे लाँड्रीवाल्याला माहीत होतं, पण सासूबाईंना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

स्वयंपाकघरात आम्हा तिघांची बैठक झाली. साडूंची बस सहाला येणार होती. माझ्या बायकोने सुचवलं की धुपाच्या धुरावर धरून बघू. मेव्हणी म्हणाली, साडूंनीच एकदा सांगितलेलं आठवतं, उकडलेल्या अंड्यातल्या बलकाबरोबर डब्यात ठेवलं तर चांदी काळी पडते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी या घरात अंडं उकडायचं? आणि वास कुणाला येणार? आईला. मेव्हणी हळूच म्हणाली, "हे आईला काही बोलले तर मी ऐकून घेणार नाही. आणि न बोलता गप्प बसले तर ते मला बघवणार नाही." मी घड्याळ पाहिलं. सहाला दोन मिनिटं होती. जिन्यात त्यांच्या सेफ्टी बुटांचा आवाज आला.

ते आत आले, बूट काढले, हात-पाय धुतले, देवापुढे नमस्कार करायला वाकले आणि तसेच राहिले. मी मोजलं नाही, पण बराच वेळ. मुलगीसुद्धा पुस्तक मिटून दारात आली. मग ते सरळ झाले आणि त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो टूथ पावडरबद्दल नव्हता.

"आई, अकराच कसे? अठ्ठेचाळीसचा कुठाय?"

"ते होय?" सासूबाई वात वळता वळता म्हणाल्या. "ते मिठाच्या बरणीमागे ठेवलंय. खोटं आहे ते."

"खोटं?"

"खोटं. लक्ष्मीपुढे खोटं नाणं ठेवत नाहीत. मी ओट्यावर वाजवून बघितलं ना एकेक."

ओट्यावर. ग्रॅनाइटच्या. वाजवून. जो माणूस नाण्यावर श्वास पडू देत नव्हता त्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय काय गेलं असेल याचा मी फक्त अंदाज करू शकतो. सासूबाई उठल्या, बरणीमागून ते नाणं घेऊन आल्या, तबकातला एक डॉलर उचलला आणि आम्ही काही म्हणायच्या आत दोन्ही फरशीवर टाकले. आधी तबकातला. आवाज घंटेसारखा लांबला, खोलीभर फिरला आणि हळूहळू विरला. मग १९४८. 'ठक्क'. बस, एवढंच. वाटीचं झाकण पडावं तसं.

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. गल्ल्यावर बसून मी रुपये वाजवून घ्यायची. डोळ्यांना फसवता येतं, कानाला नाही."

साडूंनी पुन्हा वाजवून बघितलं. तिसऱ्यांदा वाजवलं. मग खिशातून कॅलिपर काढून नाण्याची जाडी मोजली, नंतर तबकातल्या नाण्याची मोजली आणि खाली जमिनीवर बसले. बोलले ते सगळ्यांना उद्देशून. "जाडी जास्त भरते. हलका धातू आहे, वजन जुळवायला जाड केलाय. मला रविवारीच कळलं होतं. पाइप असता तर जागच्या जागी नापास केला असता. याला..." ते थांबले. "याला मी टॉलरन्स दिला."

बाहेर लाँड्रीवाल्याच्या रेडिओवर हिंदी गाणं चालू होतं. मग साडू हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "उद्या सगळी गेली असती, आई. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. या झाकणासाठी." ते उठले आणि त्यांनी सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मेव्हणी हुंदके देत होती आणि हसतही होती. मला स्वतःला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, इतकं की मी चौरंगावरचा पेढा पूजेआधीच उचलला. फक्त सासूबाईंना यातलं काही कळत नव्हतं. "अहो उठा," त्या म्हणाल्या. "खोट्या नाण्याचं एवढं काय मनाला लावून घेता? बाकीचे अकरा बघा कसे लख्ख निघालेत. उद्या राणीछापही घासून देते हवं तर."

"नको, नको आई," साडू दचकून म्हणाले. "राणीचे राहू देत. तुम्ही दमलात."

पूजा छान झाली. आरतीनंतर ते भिंग घेऊन कोपऱ्यात बसले आणि आर्नप्रायर उलटसुलट करून पाहिला. मी जवळ गेलो. "रेघा शाबूत आहेत," ते हळूच म्हणाले. "दीडच."

दुसऱ्या दिवशी कॉफीशॉपमधली भेट चार मिनिटं चालली. साडूंनी नाणं टेबलावर ठेवलं आणि नम्रपणे सुचवलं की परदेशात तज्ज्ञांकडे पाठवून दाखला घेऊ, खर्च माझा. सूटवाल्यांनी घड्याळ पाहिलं, त्यांना एका मीटिंगची आठवण झाली, नाणं उचलून ते गेले. पुन्हा कुणाला दिसले नाहीत. साडूंनी कॉफी संपवली आणि माझ्यासाठी दुसरी मागवली. हा बहुमान पाण्याच्या रेघा बरोबर मोजूनही मला कधी मिळाला नव्हता.

सासूबाईंच्या व्हिसाचे उरलेले शुक्रवार त्या घरात फार मजेचे गेले. जेवणं झाली की साडू आणि सासूबाई समोरासमोर फरशीवर बसत. सासूबाई डोळे मिटून घेत. साडू खाली चटई घालून त्यावर संगमरवराचा तुकडा ठेवत आणि एकेक डॉलर वाजवत. त्यांना तो कान शिकून घ्यायचा होता. "आता? हा कसा?" "चांगला." "आणि हा?" "हाही चांगला, पण कुठेतरी आपटलाय, कडेला बघा." ते बघत, तर कडेला खरंच खोक असायची. साडूंना मात्र सगळेच सारखे ऐकू येत. "तुम्ही आकडे ऐकता," सासूबाई म्हणायच्या. "आकडे सोडा आणि ऐका." ते त्यांना जमलं नाही.

म्हणून त्या गुहागरला परत गेल्यावर साडूंनी वेगळी सोय केली. नवं नाणं घ्यायचं असलं की विकणाऱ्याकडून एका दिवसासाठी मागून आणायचं, वजन, व्यास आणि आता जाडीही मोजायची, आणि शुक्रवारी फोनचे दर उतरतात तेव्हा गुहागरला फोन लावायचा. रिसीव्हर फरशीवर ठेवायचा, शेजारी संगमरवराचा तुकडा. मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. "आई, ऐकताय?" "थांबा, इथे नळाला पाणी आलंय, बादली लावते." मिनिटाला किती दिरहम आणि त्याचे किती रुपये हे मेव्हणी बाजूला उभी राहून मोठ्याने सांगायची. साडू हाताने तिला गप्प करायचे. मग नाणं टाकायचे आणि चार पायांवर ओणवे होऊन रिसीव्हरला कान लावायचे. तिकडून आवाज यायचा, "परत वाजवा. टीव्ही बंद करा आधी." पुन्हा नाणं. थोडी शांतता. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर दोन माणसं एका नाण्याचा आवाज विरेपर्यंत थांबलेली. मग, "हं. घ्या." कधी "नको." एवढ्यावर व्यवहार व्हायचा. तीन वर्षांत अशी सात नाणी आली आणि दोन परत गेली. सातांपैकी एकही खोटं निघालं नाही.

चाळिसावा खळगा रिकामाच होता. मध्ये एकदा खरा १९४८ विकायला आहे असं टपालाने कळलं, दाखल्यासकट. साडूंनी ते पत्र मला दाखवलं आणि घडी करून ठेवून दिलं. फार दूरचा आहे, म्हणाले, आणून वाजवता येणार नाही.

सासूबाई २००४ च्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. आम्ही सगळे जाऊन आलो. परतल्यावर शुक्रवार पूर्वीसारखेच यायचे. आम्ही करामाला जेवायला जायचो, मेव्हणी आता चकल्याही करायची, साडू त्या न मोजता खायचे. कपाट जागच्या जागी होतं. पाहुण्यांना ते अजूनही रेघा मोजायला लावत. पण नवं नाणं काही आलं नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. मेव्हणीने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही विचारा. मला विचारवत नाही." म्हणून मी विचारलं. एवढे कॅनेडियन देश सोडून जाताहेत, मरीनाच्या नव्या वस्तीत तर दर आठवड्याला कुणाचं तरी सामान विकायला निघतं, तुम्ही जात का नाही?

साडूंनी भिंगाची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"जाईन हो, पेपरवाले," ते म्हणाले. "वजन करीन, जाडी मोजीन. सगळं करीन. पण वाजवून दाखवू कुणाला?"